नाव काय तुमचे? : सुकुमार सेन आणि पहिली मतदार यादी

बंगाली वाङ्मयेतिहासाशी ज्यांचा थोडाफार परिचय आहे, त्यांना सुकुमार सेन हे नाव नवे नाही. ते भाषाशास्त्रज्ञ होते, कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक होते आणि बंगाली साहित्याचा बृहद् इतिहास त्यांनी लिहिला. बंगाली स्त्रियांच्या बोलीवरील त्यांचा १९२८ सालचा निबंध आपल्याकडच्या सामाजिक भाषाविज्ञानाच्या आरंभीच्या कामांपैकी एक आहे. आमच्या या लेखाचे नायक मात्र ते नव्हेत. त्यांच्याच काळात, त्यांच्याच प्रांतात, त्याच नावाचे दुसरे एक गृहस्थ होऊन गेले. त्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत, आत्मचरित्र लिहिले नाही; त्यांच्या खाजगी कागदपत्रांचा एखादा संग्रहही अभ्यासकांच्या हाती लागलेला नाही. त्यांनी लिहिले ते सरकारी अहवाल. तरीही १७ कोटी ३२ लाख नावांचा एक प्रचंड 'ग्रंथ' त्यांच्या देखरेखीखाली सिद्ध झाला आणि त्यातून २८ लाख नावे त्यांनीच गाळली. हे दुसरे सुकुमार सेन म्हणजे स्वतंत्र भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. त्यांच्या कारकिर्दीकडे आम्हाला वळावेसे वाटले ते या गाळलेल्या नावांमुळे.

निवडणूक आयुक्त म्हटले की आपल्या पिढीला शेषन आठवतात. तेही सनदी अधिकारी. १९८९ मध्ये मंत्रिमंडळ सचिव होते आणि डिसेंबर १९९० ते डिसेंबर १९९६ या काळात मुख्य निवडणूक आयुक्त. त्यांचा दरारा, त्यांची वाक्ये, राजकारण्यांशी झालेल्या चकमकी हे सारे वृत्तपत्रांतून आपण वाचले आहे. सेन यांच्याभोवती असे काही वलय नाही. रामचंद्र गुहा यांनी २००७ साली प्रसिद्ध झालेल्या 'इंडिया आफ्टर गांधी'मध्ये त्यांना विस्मृतीतून बाहेर काढले, तोपर्यंत इतिहासाच्या प्राध्यापकांनाही त्यांचे नाव सांगता आले असते की नाही, याची शंकाच आहे. याला एक कारण आमच्या मते असे की, शेषन यांनी बिघडलेले यंत्र दुरुस्त केले आणि सेन यांनी ते जुळवले. दुरुस्ती करणारा कारागीर लोकांच्या डोळ्यांत भरतो. जुळणी करणारा यंत्र सुरू झाले की दिसेनासा होतो.

सेन यांचे शिक्षण कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आणि पुढे लंडन विद्यापीठात झाले. गणितात त्यांनी सुवर्णपदक मिळवले होते. १९२१ साली ते आय.सी.एस.मध्ये दाखल झाले, बंगालच्या निरनिराळ्या जिल्ह्यांत काम केले, न्यायाधीश म्हणूनही बसले आणि पश्चिम बंगालच्या मुख्य सचिवपदापर्यंत पोचले. फाळणीच्या जखमा ताज्या असलेल्या त्या राज्यातून त्यांना मार्च १९५० मध्ये दिल्लीला बोलावण्यात आले. थोडक्यात, हा माणूस साम्राज्याच्या चाकरीत घडलेला होता. ज्या नोकरशाहीचे मुख्य काम सारा वसूल करणे आणि शांतता राखणे हे होते, तिच्याकडून आता वेगळेच काम करून घ्यायचे होते. जो तलाठी किंवा पटवारी शेताच्या बांधावर येई तो काहीतरी घ्यायला, हा शतकांचा अनुभव. आता तोच दारात येऊन म्हणणार होता की, तुमचा हक्क आहे, तुमचे नाव लिहून घेतो. या उलटापालटीची कल्पना केल्याशिवाय १९५०-५२ च्या त्या दोन वर्षांचा अर्थ लागत नाही.

पण यादीचे श्रेय एकट्या सेन यांना देणे हा इतिहासावर अन्याय होईल. ऑर्नित शानी यांच्या २०१८ सालच्या पुस्तकाने हे सप्रमाण दाखवून दिले आहे. प्रौढ मतदानाच्या तत्त्वावर याद्या तयार करण्याची पूर्वतयारी संविधान सभेच्या सचिवालयाने नोव्हेंबर १९४७ पासूनच सुरू केली होती. संविधान अजून लिहिले जात होते, देशाच्या सीमा नीट ठरल्या नव्हत्या, लाखो निर्वासित छावण्यांत होते, आणि त्याच वेळी दिल्लीतील मूठभर अधिकारी प्रांतोप्रांतीच्या कारकुनांना पत्रे लिहून कोणाला मतदार म्हणायचे हे समजावून देत होते. निर्वासिताकडे राहण्याचा पुरावा नाही? मग इथेच कायम राहण्याचा इरादा असल्याचे त्याने लिहून द्यावे, तेवढ्यावर नाव नोंदवावे. संविधानाने नागरिकाची व्याख्या पक्की करण्याआधीच तो यादीत आला होता, असे म्हटले तरी चालेल. सेन यांच्या वाट्याला हा आराखडा आयता आला. त्यातून निर्दोष, छापील, आक्षेप-हरकती निवारलेली यादी काढणे आणि तिच्यावर प्रत्यक्ष मतदान घडवणे, हे काम त्यांचे.

पंतप्रधानांना घाई होती. १९५१ च्या वसंतातच निवडणुका उरकाव्यात अशी नेहरूंची इच्छा होती. सेन यांनी धीर धरायला सांगितले, आणि त्यांचे म्हणणे मानावे लागले. मतदानाची रीत ठरवणारा लोकप्रतिनिधित्व कायदाच जुलै १९५१ मध्ये मंजूर झाला. प्रत्यक्ष मतदान २५ ऑक्टोबर १९५१ रोजी हिमाचल प्रदेशातील चिनी तहसिलीत सुरू झाले, कारण बर्फ पडू लागल्यावर तिथे कोणी पोचू शकले नसते. बाकीच्या देशात मुख्य मतदान १९५२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत झाले.

आकड्यांनी डोळे दिपवण्याचा मोह या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला होतो. आम्ही तो थोडक्यात भागवतो. लोकसभा आणि विधानसभा मिळून सुमारे साडेचार हजार जागा. २ लाख २४ हजार मतदान केंद्रे. २० लाख पोलादी मतपेट्या आणि त्यांसाठी ८,२०० टन पोलाद. याद्या टंकलिखित करून जुळवण्यासाठी सहा महिन्यांच्या करारावर घेतलेले १६,५०० कारकून. याद्यांच्या छपाईसाठी ३ लाख ८० हजार रीम कागद. बोटाला लावायच्या शाईच्या ३ लाख ८९ हजार ८१६ कुप्या. यातला शेवटचा आकडा आम्हाला विशेष आवडतो. कुप्यांचा हिशेब शेवटच्या सोळापर्यंत ठेवणारा जो मनुष्य असेल, त्याच्या हाती निवडणूक सोपवायला हरकत नसावी. मराठी वाचकाला यात घरचे धागेही सापडतील. मतपेट्यांचा फार मोठा हिस्सा मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाला आणि मतपत्रिका नाशिक रोडच्या सरकारी मुद्रणालयात, जिथे नोटा छापल्या जात, तिथे छापल्या गेल्या. आकारही एक रुपयाच्या नोटेएवढाच.

त्या मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव नव्हते, चिन्हही नव्हते. मतदारांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना लिहिता-वाचता येत नव्हते, म्हणून सेन यांनी शिक्का मारण्याची भानगडच ठेवली नाही. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराने पडद्याआड जाऊन हातातली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची, इतकेच. झोपडी, झाड, बैलजोडी, हत्ती, दिवा ही चिन्हे कोणालाही ओळखता येतील अशी निवडलेली होती. (जाता जाता एक नोंद : हाताचा पंजा तेव्हा काँग्रेसकडे नव्हता. तो नागपूरचे कामगारनेते रा. स. रुईकर यांच्या फॉरवर्ड ब्लॉक गटाला मिळाला होता.) मतमोजणीच्या वेळी काही पेट्यांतून फुले, नाणी, चिठ्ठ्याही निघाल्या. पेटीला देव्हाऱ्याचा मान देणाऱ्या या मतदाराला हसणे सोपे आहे. आम्हाला मात्र वाटते की, ज्या समाजात मागणे मांडायची एकच ओळखीची जागा होती ती म्हणजे देवापुढची, त्याने नव्या पेटीपुढेही तेच करावे यात अडाणीपणापेक्षा गांभीर्य अधिक आहे.

अर्थात ही सोपी पद्धत सगळीकडे सोपी राहिली नाही. लोकसभेच्या ४८९ जागांसाठी ४०१ मतदारसंघ होते, त्यांतील ८६ द्विसदस्य. अशा ठिकाणी मतदाराला दोन मतपत्रिका मिळत, आणि दोन्ही एकाच उमेदवाराच्या पेटीत टाकता येत नसत. टाकल्या तर एक बाद. उत्तर मुंबईच्या अशाच मतदारसंघात खुद्द डॉ. आंबेडकर उभे होते. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांच्याकडून ते सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले, आणि त्याच मतदारसंघात बाद ठरलेल्या मतांची संख्या सत्तर हजारांच्या वर होती. आंबेडकर आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनी मिळून निवडणूक अर्ज दाखल केला. त्यातून निकाल काही पालटला नाही. ज्या माणसाने संविधान सभेत या आयोगाची चौकट मांडली, त्याच माणसाला त्या चौकटीतल्या एका नियमाचा फटका बसावा, हा योगायोग चुटपुट लावणारा आहे. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने गेले; पेट्यांची पद्धतही सेन यांच्या निवृत्तीनंतर मागे पडली आणि १९६२ पासून मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची रीत सर्वत्र रूढ झाली.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. याद्या तयार होऊ लागल्या तेव्हा असे आढळले की बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश या भागांत असंख्य स्त्रियांनी आपले नावच नोंदवलेले नव्हते. यादीत होते ते 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी', 'फलाण्याची आई'. परक्या पुरुषाला, त्यातून सरकारी माणसाला, बाईने स्वतःचे नाव सांगायचे नाही हा संकेत. सेन यांनी सूचना दिली की मतदार म्हणून नोंद होण्यासाठी व्यक्तीचे स्वतःचे नाव आवश्यक आहे. ते मिळवा, नाही मिळाले तर नोंद गाळा. बिहारला दुरुस्तीसाठी महिनाभराची खास मुदत देण्यात आली. तिचा तिथे बराच उपयोग झाला. राजस्थानात मात्र प्रतिसाद जेमतेमच होता. शेवटी देशभरातील जवळजवळ आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी सुमारे २८ लाखांची नावे (खरे म्हणजे नावांचा अभाव) यादीतून काढून टाकण्यात आली.

महाराष्ट्र या पाच प्रदेशांत नाही, म्हणून आपण सुटलो असे समजण्याचे कारण नाही. नवऱ्याचे नाव न घेण्याचा संकेत आपल्याकडेही होता आणि त्याच्यातूनच उखाण्यासारखा लोकवाङ्मयप्रकार फुलला. 'इकडून', 'तिकडची स्वारी' ही सर्वनामांची कसरत जुन्या कादंबऱ्या शिकवताना विद्यार्थ्यांना आजही समजावून द्यावी लागते. पण आपल्याकडचा नेम प्रामुख्याने नवऱ्याच्या नावाचा होता. बाईचे स्वतःचे नाव लग्नात बदलले जाई, ताटातल्या तांदळात अंगठीने नवे लिहिले जाई. पण नाव असे आणि ते चारचौघांत हाक मारायला वापरले जाई. तिकडे बाईचे स्वतःचे नावच घराच्या उंबऱ्याआत राही, आणि सासरी तर तेही मागे पडून माहेरच्या गावावरून तिला ओळखले जाई. दोन्ही रूढी एकाच झाडाच्या फांद्या, पण खानेसुमारीच्या कागदावर त्यांचा परिणाम वेगळा झाला, असा आमचा तर्क आहे.

सेन यांचा निर्णय बरोबर होता का? या प्रश्नावर आमच्यात बराच वाद झाला. एक बाजू अशी की, मताधिकार ज्याला मिळाला तो व्यक्तीला मिळाला, कुटुंबाला नाही. 'रामलालची बायको' या नोंदीवर मतदान करायला कोण येईल हे कसे ओळखायचे? रामलालला दोन बायका असतील तर? आणि तोतया मतदाराचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, ज्या राज्याने स्त्रीला पुरुषाइतकेच एक मत दिले त्यानेच तिची नोंद पुरुषाच्या खात्यावर करावी, ही विसंगती सेन यांना पटणे शक्य नव्हते. गणिती मनुष्य, एक म्हणजे एक.

दुसरी बाजू तितकीच वजनदार आहे. नाव सांगायचे की नाही हे ठरवणारी ती बाई होती का? नोंदणी कारकून दारात आला तेव्हा त्याच्याशी बोलला तो बहुधा घरातला कर्ता पुरुष. त्याने नाव सांगितले नाही, कारकुनाने विचारले नाही किंवा विचारायला संकोचला, आणि शिक्षा झाली ती जी या संभाषणात हजरच नव्हती तिला. तत्त्वासाठी किंमत मोजावी लागते हे खरे. पण ती मोजणारा आणि तत्त्व सांगणारा हे दोघे वेगळे असले म्हणजे तत्त्वाची चकाकी थोडी कमी होते. शिवाय निर्वासितांच्या बाबतीत जो लवचीकपणा याच यंत्रणेने दाखवला, तो इथे का नसावा?

वाद मिटला असे म्हणता येणार नाही. तरी आम्हा बहुतेकांचे मत सेन यांच्या बाजूने झुकते, ते त्यांच्या अहवालाकडे पाहून. पहिल्या निवडणुकीचा अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी अहवाल ही वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने टाळायची वस्तू, असा एक समज आहे. हा अहवाल त्याला अपवाद मानावा. त्यात यशाचा डांगोरा नाही. गाळलेल्या स्त्रियांचा आकडा परिशिष्टात दडवलेला नाही. तो उघडपणे सांगितला आहे, कोणत्या राज्यांत हे घडले तेही सांगितले आहे, आणि हे पुढच्या वेळी टिकता कामा नये असा एकूण रोख आहे. ज्या संस्थेने स्वतःच्या पहिल्याच कामगिरीतली सर्वांत मोठी उणीव स्वतःच्याच अहवालात मांडली, तिच्या प्रामाणिकपणाविषयी वेगळा पुरावा शोधावा लागत नाही. मतदानाचे प्रमाणही तसेच : सरासरी सुमारे ४६ टक्के, कोट्टायमला ८० च्या वर, शहडोलला जेमतेम १८. देशाचे हे खालीवर झालेले चित्र रंगसफेदी न करता छापले गेले.

मधल्या काळात, १९५३ मध्ये, सेन सुदानला गेले. ब्रिटन आणि इजिप्त यांच्यातील करारानुसार तिथे पहिली संसदीय निवडणूक व्हायची होती आणि ती घेणाऱ्या सात सदस्यांच्या मिश्र आयोगाचे अध्यक्षपद भारतीयाकडे होते. तीन सुदानी, एक इजिप्शियन, एक ब्रिटिश, एक अमेरिकन आणि अध्यक्ष सेन. विस्तीर्ण वाळवंट, भटक्या जमाती, दोन जुन्या सत्तांमधली रस्सीखेच अशा परिस्थितीत त्या वर्षाच्या अखेरीस मतदान पार पडले. ज्या साम्राज्याच्या सेवेत त्यांनी उमेदवारी केली, त्याच्याच ताब्यातल्या एका देशाला बाहेर पडायची वाट आखून देण्याचे काम त्यांच्या वाट्याला यावे, हे काळाचे वळण लक्षणीय आहे. पुढच्या वर्षी, १९५४ मध्ये, त्यांना पद्मभूषण मिळाले.

त्यांच्या कारकिर्दीतला एक प्रसंग मात्र कौतुकाच्या भरात वगळू नये. १९५७ च्या निवडणुकीत त्यांचे धाकटे बंधू अशोककुमार सेन कलकत्त्यातून लोकसभेवर निवडून आले आणि केंद्रीय कायदामंत्री झाले. म्हणजे सेन डिसेंबर १९५८ मध्ये निवृत्त होईपर्यंत, दीड वर्षाहून अधिक काळ, एक भाऊ मुख्य निवडणूक आयुक्त आणि दुसरा कायदा खात्याचा मंत्री, अशी स्थिती होती. यातून काही गैर घडल्याचे दिसत नाही. पण काही गैर घडले नाही ते नियमामुळे नव्हे, माणसामुळे. जून १९४९ मध्ये संविधान सभेत आयोगाच्या कलमावर चर्चा चालली असता हृदयनाथ कुंझरू, शिब्बनलाल सक्सेना यांनी नेमका हाच प्रश्न उपस्थित केला होता : आयुक्ताला काढणे कठीण केलेत, पण नेमताना कोणाला विचारणार? सक्सेना यांना नेमणुकीवर संसदेच्या दोन तृतीयांश बहुमताची मोहर हवी होती. अयोग्य किंवा सरकारच्या मुठीतला माणूस नेमला जाण्यापासून मसुद्यात बचाव नाही, हे आंबेडकरांनीही मान्य केले होते. नेमणुकीची रीत संसदेने कायद्याने ठरवावी एवढी तरतूद राहिली आणि त्या तरतुदीखालचा कायदा व्हायला २०२३ उजाडावे लागले. त्या वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांची निवड समिती सांगितली; डिसेंबरमध्ये संसदेने केलेल्या कायद्यात सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी सुचवलेला मंत्री आला. सेन यांच्या चारित्र्यावर विसंबून जे प्रश्न पहिल्या आठ वर्षांत उठलेच नाहीत, ते त्यामुळे सुटले होते असे नव्हे.

दुसरी सार्वत्रिक निवडणूक १९५७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली. पहिल्या वेळच्या पेट्या जपून ठेवलेल्या होत्या, त्याच पुन्हा वापरल्या. खर्च कमी झाला. केरळात कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि पराभूतांनी खुर्च्या सोडल्या. सेन पुढे बरद्वान विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, १९६० साली. बरद्वान जिल्हा दुसऱ्या सुकुमार सेनांचा, भाषाशास्त्रज्ञांचा. नावांचा हा घोळ तिथल्या टपालखात्याने कसा निस्तरला असेल कोण जाणे.

आणि १९५७ च्या याद्या? त्यांच्या तयारीच्या वेळी स्त्रियांची नावे मिळवण्यासाठी विशेष खटपट करण्यात आली. घरोघर पुन्हा जाऊन विचारले गेले. त्या वर्षी देशातील सुमारे ९४ टक्के प्रौढ स्त्रिया मतदार म्हणून नोंदलेल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या रकान्यात तिचे स्वतःचे नाव होते.